कालचंच आहे ना?

मांस किती शिजवावं हे गणित आजवर कोणालाही सुटलेलं नाही. कमी पडलं तर पाहुणे जन्मभर लक्षात ठेवतात. उरलं तर घरच्यांना फार तर तीन-चार दिवस सोसावं लागतं. शहाणा यजमान मग दुसरा धोका पत्करतो, म्हणजे घरच्यांना धोक्यात घालतो. पाहुणे "छे छे, आता एक घासही नको" म्हणत, पोटावरून हात फिरवत निघून जातात. मागे राहतं पातेलं, आणि पातेल्यात नेमकं तेवढंच, जे टाकायला फार आणि वाढायला थोडं.

हा 'टाकायला फार, वाढायला थोडं' प्रकार मोठा छळवादी. सगळंच उरलं असतं तर दुसऱ्या दिवशी तेच जेवण. काहीच उरलं नसतं तर प्रश्नच मिटला. पण नाही. खाणारी तोंडं पाच आणि तळाशी सात-आठ फोडी. त्यातल्या तीन निव्वळ हाडं आणि एक अशी, की जी काल प्रत्येकाने डावाने उलटून पाहिली आणि सभ्यपणे शेजाऱ्यासाठी ठेवून दिली.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. आमच्या पातेल्याचा यात काडीचाही वाटा नाही. आमच्याकडे अन्न टाकायला आईची परवानगी लागते आणि ती आजवर कोणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. शिजवलं मी, म्हणून उरलेलं निस्तरायचंही मीच, असा घरचा सरळ न्याय आहे.

हे निस्तरणं त्याच रात्री सुरू होतं. शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर तासाभरातच. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतूंना मोकळं रान मिळतं. त्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा महाभाग तर शिजवण्यालाही दाद देत नाही. तो बीजाणूंच्या रूपात दबा धरून बसतो आणि भरलेलं पातेलं हळूहळू कोमट होऊ लागलं की बाहेर येतो. हवी तशी ऊब मिळाली तर दहाएक मिनिटांत तो आपली संख्या दुप्पट करू शकतो. आता पाहुणे दारात चपला घालून, कुलूप-किल्ल्यांचा विषय संपवून, जिन्याशी पोचून परत वळून "अरे हो, ते सांगायचं राहिलंच" म्हणतात, त्याला चाळीस मिनिटं सहज लागतात. चाळीस मिनिटांत एकाचे सोळा. मी हसतमुखाने मान डोलावत उभा असतो आणि मनातल्या मनात बे दुणे चार, चार दुणे आठ चाललेलं असतं.

पातेलं तसंच उचलून फ्रीजमध्ये ढकलण्यात अर्थ नसतो, कारण मधला भाग निवायला फार वेळ घेतो. मांस उथळ, पसरट डब्यांत वाटून ठेवावं लागतं. थोडी वाफ गेली की डबे आत गेले तरी चालतं. पूर्ण थंड व्हायची वाट बघत ओट्यावर रात्रभर ठेवणं हेच वाईट. एवढं शास्त्र मला तोंडपाठ आहे. पण या शास्त्राने झाकणांचा विचार केलेला नाही. आमच्या घरात डबे आहेत आणि झाकणंही आहेत. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गोल डब्यांची संख्या दर वर्षी घटते, चौकोनी झाकणांची वाढते. रात्री साडेअकराला खाली बसून एकेक झाकण लावून बघणाऱ्या माणसाच्या मनात डोकावलं, तर वैराग्य कुठून येतं ते कळेल.

डब्यावर तारीख लिहून चिकटवायची, हा माझा नियम. ४ अंशांच्या खाली ठेवलेलं शिजलं मांस तीन-चार दिवसांत संपवायचं असतं. त्याहून लांबणार असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये. तारीख लिहायचं काम मुलीने आनंदाने अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'दादाने हात लावू नये'. तारीख नव्हती. तशी ती सूचना बिनमुदतीचीच होती म्हणा.

सकाळी डबा उघडला की वर पांढरट चरबीचा थर गोठलेला असतो. हा उरलेल्या रश्श्याचा खरा फायदा. काल जो मेद चमच्यागणिक पोटात गेला असता, तो आज अख्खाच्या अख्खा उचलून बाजूला काढता येतो. आईला हे बघवत नाही. "चव फेकतोयस," ती म्हणते. थराखाली रस्सा थरथरत असतो. हाडांच्या आणि सांध्यांच्या आसपासचं कोलॅजन नावाचं प्रथिन शिजून त्याचं जिलेटीन झालेलं असतं आणि गार झाल्यावर ते असं घट्ट बसतं. मुलगा सध्या दंड कमावतोय. महागड्या भुकटीच्या डब्यावर वाचलेला शब्द बापाच्या तोंडून ऐकून त्याने पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकाकडे आदराने पाहिलं. शंभर ग्रॅम शिजलेल्या, बिनचामडीच्या कोंबडीच्या छातीत तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, हे त्याने मला सांगितलं आणि माझ्या देखत साधारण साठ ग्रॅम प्रथिनं उभ्याउभ्या संपवली. म्हणजे आता फोडी आणखी कमी.

दुपारी गरम करायला घ्यावं, तोवर बायको स्वयंपाकघरात येते. खरं तर ती यायचीही गरज नसते. तिचं नाक आधी पोचलेलं असतं.

"कालचंच आहे ना?"

या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह मी माझ्या समाधानासाठी दिलंय. तिच्या सुरात ते नव्हतं. तिला काय जाणवतं याचा मी शोध घेतला. शिजलेलं मांस पुन्हा गरम केल्यावर येणाऱ्या या शिळ्या वासाचं वर्णन टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ साली करून ठेवलंय. शिजवताना मांसातलं लोह मोकळं होतं, त्याच्या चिथावणीने मेदाचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ओल्या पुठ्ठ्याच्या जवळ जाणारा वास तयार होतो. कोंबडी आणि मासळी यांच्या मेदाची घडण अशी, की त्यांच्यात हे लवकर होतं. मटण-बिफाला थोडी सवड मिळते. हे सगळं मी बायकोला सविस्तर समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कालचंच आहे."

यावर उपाय आहेत. मांस उघडं न ठेवता त्याच्याच रश्श्यात बुडवून, काठोकाठ भरलेल्या डब्यात ठेवलं तर हवा कमी लागते. मसालेही ही प्रक्रिया मंदावतात, म्हणून मसाल्यात मुरलेलं मटण दुसऱ्या दिवशी ताठ मानेने वावरतं आणि मिठाच्या पाण्यात उकडलेली गरीब कोंबडी लगेच पकडली जाते. अशा कोंबडीला पुन्हा गरमच करू नये. गारच बोटांनी सोडवून काकडी, गाजर, कोबी, दही आणि लिंबू यांत मिसळावी. वास येत नाही, आणि बायको दोनदा वाढून घेते. मी काही बोलत नाही.

आणि इथेच उरलेल्या मांसाची गंमत आहे. ते पुरत नाही म्हणूनच ते प्रकृतीला बरं. पहिल्या दिवशी आमच्या ताटात मांसाचा डोंगर असतो आणि कडेला काकडीची एक चकती, तीही शोभेची. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०११ साली आदर्श ताटाचं चित्र काढलं, त्यात अर्धं ताट भाज्या-फळांचं, पाव भाग अख्ख्या धान्याचा आणि पाव भाग प्रथिनांचा. हे ताट आमच्या घरी कोणीही ठरवून वाढू शकलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाच माणसांत मूठभर मांस उरलं, की ते आपोआप वाढलं जातं. भाजी घालावीच लागते, नाहीतर पुरणार कसं? आहारतज्ज्ञ घसा कोरडा करून जे घडवू शकत नाहीत ते टंचाई मुकाट्याने घडवते.

डाळीत हे विशेष जमतं. हाडं वेगळी उकळून पाणी गाळून घ्यायचं, त्यात डाळ शिजवायची, पालक किंवा दुधी घालायचा आणि मांसाचे धागे अगदी शेवटी सोडायचे. त्या पाण्यातून भरपूर कॅल्शियम मिळतं हा समज मात्र सोडून द्यावा. मिळते ती चव. खरा लाभ वेगळाच आहे. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीर एरवी नाखुशीने घेतं, सोबत थोडं मांस असलं की जास्त घेतं. थोडंच पुरतं, हे मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी पुटपुटलो.

मीठ मात्र हात आखडून. काल रश्श्यात पडलेलं मीठ रात्रीतून कुठेही गेलेलं नसतं. प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. उरलेल्याला नव्याने फोडणी घालून सवयीने चमचाभर टाकणारे लोक तो हिशेब एका वाटीत उरकतात. आणि मांस पुन्हा रटारटा शिजवू नये. ते एकदा शिजलेलं आहे. आतपर्यंत ७४ अंश गरम झालं, सगळीकडून वाफा आल्या की पुरे. पुढे फक्त दोऱ्या उरतात. बटाटा-मटार कुस्करून त्यात बारीक चिरलेलं मांस घालून थोड्या तेलावर परतलेल्या टिक्क्या याच कारणाने उत्तम, तिथे दोरी कळतच नाही. भातात घालायचं तर भात ताजा करावा. भाताचे स्वतःचे वेगळे जंतू असतात आणि दोन शिळ्या पदार्थांची गाठ घालून देण्याची जबाबदारी मी घेत नाही.

लागेल तेवढंच काढायचं आणि एकदाच गरम करायचं, या नियमावरून आईशी माझं जुनं भांडण आहे. तिच्या मते रोज सकाळ-संध्याकाळ पातेल्याला एक उकळी आणली की काही बिघडत नाही. मी म्हणालो, "अगं, उकळून जंतू मरतील, पण काही जंतूंनी आधी करून ठेवलेलं विष उकळूनही जात नाही."

"तुला याच उकळ्यांवर वाढवलाय," आई म्हणाली.

यावर जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेकडे उत्तर नाही.

मुलीचं सगळ्यात सोपं. तिला कशातही गुंडाळलेलं चालतं. पोळीत भाज्या भरपूर, मांसाचे धागे नावाला, घट्ट गुंडाळी, की ती आत काय आहे ते विचारत नाही. परवा तिने तोच रोल मागितला. घरात उरलेलं काही नव्हतं. म्हटलं, ताजी कोंबडी आणून करतो. तिने तोंड वाकडं केलं. "ताजीचा नको बाबा, तो मऊ नसतो."

तेव्हापासून मी मुद्दाम जास्त शिजवतो. एवढंच नाही, तर वाढायच्या आधीच उद्याचा वाटा काढून फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, दुधाच्या पातेल्याआड लपवतो. काल सकाळी तो डबा काढला. झाकण नीट बसवलेलं होतं, कधी नव्हे ते बरोबर जोडीचं. आत एक हाड होतं, आणि मुलगा कॉलेजला गेलेला होता.