आमच्या पोट्ट्यांनी हे वाचायचं नाही, तर कोणी वाचायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या खरेदीवरून वाद पेटलाय आणि इथे स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये बसून माझं डोकं तापलंय. कॉलेजात जाणाऱ्या काही मुलामुलींनी पुस्तकांची यादी दिली. त्यात सुझन कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'चे भाग होते, शिवाय त्याच वळणाच्या आणखी काही कादंबऱ्या: जुलमी सत्ता आणि तिच्यापुढे उभी ठाकलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं. समितीतल्या आमच्या गुरुजींनी यादी बाजूला सारली आणि गावाच्या ग्रुपवर लिहिलं, "पोट्टे पोलीस भरतीची तयारी करून राह्यले, त्यायले हे अमेरिकेतल्या बाईचं खूळ कायले पायजे? अन् वरून सरकारच्या विरोधात भडकवणारं. स्पर्धा परीक्षेचे पुस्तकं आणा." खाली अंगठ्यांची रांग लागली. यादी देणाऱ्यांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही.

गुरुजींनी मला बाराखडीपासून शिकवलं. पण या दोन्ही बाबतीत ते साफ चुकतायत, आणि ते मोठे आहेत म्हणून मी गप्प बसणार नाही.

आधी 'अमेरिकेतलं खूळ'. २००८ साली आलेल्या पहिल्या भागात काय आहे? बारा जिल्ह्यांवर कॅपिटॉल नावाचं शहर राज्य करतं. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची आणि एकमेकांना मारायला सोडायची. हे सगळ्यांना माहीत असतं, सिनेमात दिसतं. मला हलवून सोडणारी गोष्ट निराळी आहे. घरात खायला नसेल तर पोराला धान्य आणि तेल मिळतं, एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतकं. बदल्यात त्याच्या नावाची एक चिठ्ठी वाढते. घरातल्या प्रत्येक तोंडामागे आणखी एक. जुन्या चिठ्ठ्या पुसल्या जात नाहीत, दरवर्षी नव्या त्यात पडतात. कादंबरीची नायिका कॅटनिस, वय सोळा, तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या झालेल्या असतात आणि तिचा अठरा वर्षांचा मित्र गेल, त्याच्या ४२. ज्याच्या घरी पोटाला आहे त्याच्या मोजक्याच.

हे आमच्या गावात कोणाला समजावून सांगावं लागेल? मृगात कृषी केंद्रातून बी-खत उधारीवर उचलायचं, सावकाराकडून दीडीनं आणायचं, बोंडअळी आली की मागचं तसंच ठेवून वर नवं काढायचं. वहीत बापाचं नाव दरवर्षी खाली सरकत जातं आणि आकडा वाढत जातो. ज्याच्याकडे विहीर आणि नोकरी आहे त्याचं नाव त्या वहीत नसतंच. अकरा नंबरचा जिल्हा शेतीचा आहे. तिथली बारा वर्षांची रू सांगते की पीक आम्हीच काढतो, पण त्यातलं खाल्लं तर फटके पडतात, तेही सगळ्यांसमोर. बारा नंबरचा जिल्हा कोळशाच्या खाणींचा. वणी आणि चंद्रपूर आमच्यापासून किती लांब आहे? माझा मुलगा इथल्या गिमीत, म्हणजे माध्यमिक शाळेत, हेच पुस्तक वर्गात शिकला. त्याच्या वर्गातल्या मुलांना या चिठ्ठ्यांचा हिशेब नीट कळला, गणिताचं उदाहरण सोडवावं तसा. आमच्या गावातल्या पोरीला तो सावकाराच्या वहीसारखा ओळखीचा वाटेल.

आता 'भडकवणारं'. गुरुजी, पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की आपल्याकडे झडत्या कोण म्हणायचं? तुम्हीच. 'एक नमन गौरा पार्वती हर बोला' म्हणून सुरुवात करायची आणि पुढे सावकार, तलाठी, मंत्री, कापसाचा भाव, कोणालाही सोडायचं नाही. पाटील समोर, पोलीस पाटील बाजूला, आणि मिसरूड फुटलेली पोरं छाती काढून ऐकवतायत. तोरण तुटायच्या आत वर्षभराचं ओकून मोकळं व्हायचं. बेंबीच्या देठापासून निघालेला तुमचा आवाज मला अजून आठवतो. इथे फास्नाख्तला, म्हणजे बाझलच्या कार्निव्हलला, श्निट्झेलबँकवाले, म्हणजे टोमण्यांची गाणी म्हणणारे, तळघरांत हेच करतात आणि शहर त्यांना डोक्यावर घेतं. आपल्या वाचनालयात मात्र छापील कागदाची भीती वाटते.

आणि १९४२ चा चिमूर? १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी पेटलेली माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर पडले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीला लोकांनी ठाण्यावर मोर्चा नेला आणि छातीवर गोळ्या घेतल्या. महाराजांना इंग्रजांनी तुरुंगात घातलं, कारण भजनं 'भडकवणारी' होती. ज्या वाचनालयात ग्रामगीता मखरात ठेवल्यासारखी ठेवली आहे, तिथे हा आक्षेप यावा याचं मला फार वाईट वाटतं.

गुरुजींच्या भीतीला एक खरं कारण आहे, ते मी नाकारत नाही. आपण विदर्भातली माणसं. गडचिरोलीत चार दशकं काय झालं हे आपण पाहिलंय. शाळेतली पोरंपोरी नक्षलवाद्यांच्या दलममध्ये गेली आणि कुठे पोलिसांच्या गोळीनं, कुठे 'खबऱ्या' ठरवून आपल्याच माणसांच्या हातून गावंच्या गावं भरडली गेली. 'बंड' म्हटलं की आईबापाच्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. पण म्हणूनच तिसरा भाग वाचा. २०१० च्या 'मॉकिंगजे'त बंड जिंकतं. जिंकलेल्या बाजूची पुढारीण कॉइन काय म्हणते? आता कॅपिटॉलच्या पोरांना घेऊन तोच खेळ एकदा खेळूया. आणि कॅटनिस शेवटचा बाण जुन्या हुकूमशहावर न सोडता तिच्यावर सोडते. कोणाच्याही मागे डोळे मिटून जाऊ नकोस, बंदूक दाखवून न्याय सांगणाऱ्याच्या मागे तर नाहीच, हे सोळा वर्षांच्या पोराला याहून चांगलं कोण सांगेल? पोलीस भरतीला जाणाऱ्या पोरानं तर हे आधी वाचावं. उद्या काठी त्याच्याच हातात येणार आहे.

मी ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं नाही, थोडंच लिहिलं. गुरुजींचं उत्तर एका ओळीचं आलं: "तुम्ही तिकून सांगता भाऊ, इथं आमाले राहा लागते." ते मला 'भाऊ' आणि 'तुम्ही' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

मग माझाही पारा चढला. इकडे राहतो म्हणून मी आंधळेपणानं इकडचं कौतुक करत नाही. या देशानं बायकांना देशपातळीवर मत द्यायला १९७१ उजाडू दिलं, माझी आजी पहिल्याच निवडणुकीत मत देऊन आली होती. पण २०१९ मध्ये इथली शाळकरी पोरं हवामानासाठी शुक्रवारी वर्ग सोडून रस्त्यावर उतरली, तेव्हा शिक्षकांनी गैरहजेरी मांडली आणि सोमवारी त्याच विषयावर वर्गात चर्चा घेतली. अभ्यास बुडाला म्हणून कोणी पुस्तकं कपाटात कोंडली नाहीत.

तरी गुरुजींचं ते 'तिकून' माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मी नेमका कुठे राहतो हे मला ठाऊक आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि पंप पाठीवर घेऊन वर नोझल धरून फवारावं लागत होतं. फवारा तोंडावर, छातीवर येत होता. आमच्या शिवाराला लागून मजुरी करणारा एक जण दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून खाटेवर बसलेला मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. तो मला आवाजावरून ओळखत होता आणि "तिकडं थंडी हाय का" असं विचारत होता. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली. पुढे २०२० मध्ये काही कुटुंबांनी बाझलमधल्याच एका कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. कंपनीनं जबाबदारी नाकारली. ज्या कीटकनाशकावरून हा वाद आहे, त्याच्या वापराला या देशात परवानगी नाही. मी रोज ट्रॅमनं त्याच शहरातून कामाला जातो. उन्हाळ्यात कपडे विकलफिश नावाच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कोंबून ऱ्हाईन नदीत पोहतो. पाणी स्वच्छ असतं.

कादंबरीच्या भाषेत सांगायचं तर मी कॅपिटॉलमध्ये राहतो. माझ्या मुलानं पुस्तक वाचून विचारलं होतं, "बाबा, आपण कुठल्या जिल्ह्यातले?" मी लगेच "यवतमाळ" म्हणालो. त्याला ते उत्तर नको होतं, आणि दुसरं देण्याची माझी हिंमत झाली नाही. तो कॅटनिसच्या बाजूनं वाचतो. त्याचा अख्खा वर्ग तसाच वाचतो. एवढ्या मोठ्या सुखवस्तू शहरात ही गोष्ट कॅपिटॉलवाला म्हणून कोणीच वाचत नाही. मीही नाही. गावात मी पाहुणा झालोय, माझ्यासाठी वेगळी खुर्ची मांडतात. इथे रविवारी बाटल्या टाकल्या तर शेजारीण मलाच आधी नियम सांगायला येते. पण पुस्तक उघडलं की मी बिनदिक्कत अकरा नंबरच्या जिल्ह्यात जाऊन बसतो. परत येऊन तिथे राहणार का, असं कोणी विचारलं तर उत्तर नाही असंच आहे. ज्या पोरीला तिथेच राहायचंय, जिच्या बापाचं नाव वहीत आहे, तिला ते पुस्तक हातात घ्यायला कोणाची परवानगी लागावी हे मला सहन होत नाही.

वाचनालयाला मी दरवर्षी पैसे पाठवतो, यंदाही पाठवलेत. अट एकच घातलीय: निम्म्या पैशांची पोलीस भरतीची आणि एमपीएससीची पुस्तकं घ्या, निम्म्यांची मुलांनी दिलेल्या यादीतली. गुरुजी, परदेशातून पैशाच्या जोरावर अट घालतो असं तुम्ही म्हणाल. म्हणा. दिवाळीत मी येतोय. तोवर तिसरा भाग वाचून ठेवा आणि वाचनालयाच्या ओट्यावर, पोट्ट्यांच्या समोर, माझ्याशी भांडा. फक्त मला 'तू' म्हणून भांडा.