खुलासा : नागरिकत्व हायकोर्टाने काढलेलं नाही

‘तेलंगणा हायकोर्टाने आमदाराचं नागरिकत्व रद्द केलं’ असा मेसेज फिरतोय. अर्धवट आहे. वेमुलवाडाच्या चेन्नमनेनी रमेश यांचं नागरिकत्व केंद्रीय गृह मंत्रालयानेच २०१९ मध्ये काढलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्याविरुद्धची त्यांची याचिका फेटाळली, वर ३० लाखांचा भुर्दंड. आणि तोवर ते माजी आमदार झाले होते.

रमेश यांनी जर्मन नागरिकत्व घेतलेलं. परत भारतीय व्हायला अर्जाआधीचे १२ महिने इथे राहणं गरजेचं होतं. त्या काळातल्या परदेशवाऱ्या त्यांनी अर्जात दडवल्या. घोडं पेंड खाल्लं ते इथे.

‘आता कुणाचंही जाईल’ हे मेसेजचं शेपूट तर निव्वळ थाप. अर्ज करून मिळालेलं नागरिकत्व सरकारला काढून घेऊ देणारं, नागरिकत्व कायद्याचं कलम १० जन्माने नागरिक असलेल्यांना लागूच होत नाही.