त्या बोटांना मिरची लावू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मजकूर तिसऱ्यांदा आला, या वेळी काकांकडून : ‘पिंपल फोडणं, खपल्या काढणं ही लाडावलेल्या मुलींची खोड. लक्ष वेधायला करतात. बोटांना मिरची चोळा, आठ दिवसांत सुटेल.’ काका, चौदाव्या वर्षापासून मी दंडावरच्या खपल्या काढते आहे. आता छत्तीस वर्षांची आहे. म्हणून हे लिहिते.

लक्ष वेधायला? भर मे महिन्यात मी पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालत आले. मावसबहिणीच्या हळदीला गेले नाही, कारण तिथे बाह्या वर कराव्या लागल्या असत्या. डर्मटायटिस आर्टिफॅक्टा नावाचा एक वेगळा आजार आहे. त्यात माणूस स्वतःच जखम करतो आणि ती कशी झाली हे डॉक्टरांनाही सांगत नाही. तिथेही आतलं दुखणं खरंच असतं. खपल्या काढणारे आम्ही मात्र कुणी मायेनं विचारलं तर मान खाली घालून कबूल करतो. विचारत कुणी नाही.

‘मुलींची’ हा शिक्का जुना आहे. लुई ब्रोक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८९८ साली मुरूम कुरतडण्याच्या विकाराला नावच ‘तरुण मुलींचा’ असं दिलं. पुरुषांनाही हा त्रास होतो.

आता ‘खोड’. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्वचा कुरतडण्याला स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलं, मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या गटात. पुष्कळदा वाचताना, फोनवर बोलताना हात दंडाकडे कधी गेला हे कळतही नाही. कधी उलट होतं. जीव कासावीस होतो, बोटाला बारीकसा उंचवटा लागतो आणि तो सपाट केल्याशिवाय चैन पडत नाही. खपली निघाली की क्षणभर हायसं वाटतं. मग रक्त, मग लाज, आणि त्या लाजेनंच पुन्हा बोटं चाळवतात. ‘जरा मनावर घे’ असं सगळे म्हणतात. मी रोज सकाळी मनावर घेत होते.

आणि मिरची. मला लावली होती. उघड्या जखमेत गेली, रात्रभर आग आग झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच जखमा न्हाणीघराची कडी लावून उकरल्या. एवढंच शिकले, लपून करायला.

उपयोग झाला तो सवय पालटण्याच्या उपचाराचा. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली मांडला. हात कधी, कुठे, कशानं वळतो ते आधी टिपायचं. वळू लागला की मूठ घट्ट मिटून मिनिटभर धरायची. सोबत नखं बारीक कापलेली, जखमेवर पट्टी. चिघळलेल्या जखमेला त्वचेचे डॉक्टर लागतातच, पण मलम हाताला थांबवत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवेत. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

काका, ग्रुपवर आपली तेरा वर्षांची चिनूही आहे. दिवाळीत तिनं सबंध वेळ ओढणी दंडावर घट्ट धरून ठेवली होती. तो मजकूर तेवढा आज काढून टाका.