वेग मोजून गिटारवादक मोठा ठरते का?

कोणीतरी थोर गिटारवादकांची यादी छापली अन् मोठेपणाचं मोजमाप काय, तर सेकंदाला किती सूर वाजवतो! अन् खाली वाचकांची तीच मारामारी, रॉकवाला जिमी हेन्ड्रिक्स मोठा की एरिक क्लॅप्टन. अरे भाऊ, मग जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टला कुठं बसवता? १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्यानं असे सोलो वाजवले की धडधाकट हातवाले आजही घाम गाळतात.

आपला तर एकही माणूस नाही यादीत. मोहनवीणा वाजवणाऱ्या विश्वमोहन भट्टांचं १९९४ चं ग्रॅमी पारितोषिक तरी आठवायचं! त्यांच्याही आधी ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारेवर लोखंडी पट्टी फिरवली. तार पडद्यावर दाबायचीच नाही, म्हणून मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, अखंड निघते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना काबरा जे रेंगाळायचे ना, ते सेकंदात कसं मोजणार बाप्पा?

आमच्या नागपूरच्या धरमपेठेत गिटार शिकणारी पोरं पहिल्याच आठवड्यात 'फास्ट सोलो' मागतात. सूर चढवायला तार ओढली की तो हवा तिथवर पोचतच नाही, चांगला पाव सूर खाली राहतो, पण त्याचं कोणाले काय पडलंय!

माझ्या लेखी जँगो पहिला, काबरा दुसरे, हेन्ड्रिक्स तिसरा. क्लॅप्टनवाल्यांनी खुशाल भांडावं.