‘एक दिवस उडवलं नाही तर काय बिघडतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

नाव दिलेलं नाहीत, म्हणून हेच संबोधन. महोदया असाल तर तसं वाचून घ्या. खरं तर प्रतिक्रियेखालीच दोन ओळी लिहून मोकळा होणार होतो, पण तुमच्या एका वाक्याचं उत्तर दोन ओळींत मावेना.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: राष्ट्रप्रमुख किंवा तसाच कुणी बडा पाहुणा येणार असला की त्या भागाच्या आकाशावर तात्पुरते निर्बंध लागतात. ते ठरवताना ड्रोनचा वेगळा विचार होत नाही आणि भुर्दंड मात्र ड्रोनवाल्याला पुरेपूर बसतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर या वाचकांनी लिहिलंय: ‘एक दिवस उडवलं नाही तर काय बिघडतं? मोटारींचा ताफा जाताना आपण रस्त्यावर थांबतोच की. तुम्हा हौशी लोकांना सुरक्षेचं गांभीर्यच नाही. काराकास विसरलात वाटतं.’ (व्हेनेझुएलाच्या या राजधानीत २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांवर ड्रोनहल्ला झाला होता.) शिवाय निर्बंधाच्या वर्तुळाचे ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, त्याचा एवढा बाऊ कशाला, हेही आहे. आणि सगळ्यात शेवटी, मी कोणत्या पक्षाचा.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. लेखात मी नुसते नॉटिकल मैल लिहिले, किलोमीटर दिले नाहीत. द्यायला हवे होते, मान्य. विमानवाहतुकीत वापरतात तो नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यात नेहमी लागणारं ३० नॉटिकल मैल त्रिज्येचं वर्तुळ हे ४८ नव्हे, साडेपंचावन्न किलोमीटरचं. क्षेत्रफळ काढलं तर साधारण ९,७०० चौरस किलोमीटर. बाऊ मी उलट कमीच केला होता.

आता ‘काय बिघडतं’. हे वाक्य लिहायला तुम्हाला किती सेकंद लागले असतील, असा विचार मनात येऊन गेला. असो.

मी हौशी नाही. लहानपणी बाल्सा लाकडाची रिमोटवरची विमानं बनवायचो तेव्हा होतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आज माझं घर ड्रोनच्या कामावर चालतं. परवाना आहे, विमा आहे, माझ्या हाताखाली शिकून स्वतःचा धंदा टाकलेली मुलं आहेत. एकाही निर्बंधात मी आजवर ड्रोन वर नेलेलं नाही. त्यामुळे गांभीर्याचा धडा द्यायचा असेल तर आधी समोर कोण आहे ते विचारायची तसदी घ्यावी, एवढीच अपेक्षा.

काय बिघडतं ते सांगतो. महिनाअखेरीला खडीच्या ढिगांची मोजणी असते. ड्रोननं फोटो घ्यायचे, त्यावरून ढिगाचं घनफळ काढायचं आणि त्या आकड्यावर कंत्राटदाराचं बिल ठरायचं. उड्डाणाआधी काळ्या-पांढऱ्या चौकटींचे फलक जमिनीवर खिळ्यांनी ठोकायचे. मग प्रत्येक फलकाच्या मधोमध रोव्हरचा, म्हणजे जागेचं अचूक स्थान मोजणाऱ्या यंत्राचा, दांडा टेकवायचा आणि पातळीतला बुडबुडा मध्यावर येऊन ठरेपर्यंत हात न हलवता उभं राहायचं. ऊन डोक्यावर असताना उडवायचं, कारण सावल्या लांबल्या की ढिगाची एक बाजू सॉफ्टवेअरला नीट दिसत नाही. एक फोटो पुढच्या फोटोवर पाऊणभर तरी चढला पाहिजे, म्हणून ओळीमागून ओळ, एका वेगानं. हे सगळं मांडून झालंय, अर्ध्या ओळी उडवून झाल्या आहेत, बॅटरी बदलायला ड्रोन खाली घेतलंय, सवयीनं निर्बंधाची सूचना पुन्हा उघडून पाहिली, तर दुपारी चारपासून लागणार असलेला निर्बंध अलीकडे ओढून एकपासून केलेला.

अशा वेळी मी मुकाट्यानं सामान आवरतो. ड्रोनची पाती काढतो, फलक उपटतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या ओळी उडवून जोडता येतील असं तुम्हाला वाटेल. नाही येत. रात्रभर ट्रक चालू असतात, ढीग तो राहिलेला नसतो. कालचा अर्धा आणि आजचा अर्धा मिळून जो ढीग तयार होतो, तो जमिनीवर कधी अस्तित्वातच नव्हता. म्हणजे पहिल्यापासून सगळं पुन्हा, तेही महिना उलटल्यावर. आणि क्लायंट विचारतो, ‘सूचना तर आधीच आली होती ना?’ हो, आली होती. वेळ वेगळी होती.

ताफ्याचं उदाहरण दिलंत म्हणून सांगतो. रस्त्यावर ताफा डोळ्यांसमोरून जातो, पोलीस हात खाली करतो आणि आपण निघतो. आमच्याकडे पाहुण्याचं विमान डोक्यावरून परत गेलेलं दिसलं तरी निर्बंध तसाच असतो. एकदा मी सूचनेत दिलेल्या क्रमांकावर फोन करून विचारलं होतं की पाहुणे गेले, आता वेळ कमी होणार का? पलीकडून ‘जे छापलंय ते छापलंय’ असं म्हणून फोन ठेवला. निर्बंध कधी कधी लवकर उठतो, हे खरं. पण ते कळायला तासभर फोनच्या पडद्यात डोकं घालून बसावं लागतं.

आणखी एक बाब, जी लेखात होती आणि तुम्ही बहुधा तिथवर पोचला नाहीत. त्या ३० नॉटिकल मैलांच्या आत १० नॉटिकल मैलांचं गाभ्याचं वर्तुळ असतं. तिथे मोजकी सरकारी, लष्करी, रुग्णवाहतुकीची आणि ठरलेल्या वेळापत्रकाची विमानं सोडली तर कुणी नको, हे मला पटतं. पण बाहेरच्या कड्यात सहा आसनी खासगी विमानसुद्धा जाऊ शकतं. त्यानं फ्लाइट प्लॅन द्यायचा, ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) नेमून दिलेला कोड लावायचा आणि नियंत्रकाशी बोलत राहायचं. ड्रोनला तीही वाट नाही. निर्बंधाच्या मजकुरात मनाई असलेल्यांची यादी असते: प्रशिक्षणाची उड्डाणं, ग्लायडर, पॅराशूट, बलून, पीकफवारणी, जाहिरातीचे फलक ओढणारी विमानं, आणि त्यातच ड्रोन. सरसकट. कोड लावतो म्हणावं तर अमेरिकेच्या नियमांत लहान ड्रोनवर ट्रान्सपाँडर चालू ठेवायलाच बंदी आहे. रिमोट आयडी मात्र सक्तीचा. म्हणजे माझं ड्रोन कुठे आहे आणि मी स्वतः कुठे उभा आहे, हे हवेत सतत प्रसारित होत असतं. तरी ५० किलोमीटर दूर, ४०० फुटांच्या खाली, ढिगावर घिरट्या घालणाऱ्या यंत्राला सरसकट मनाई, आणि १७,००० फुटांवरच्या विमानाला मात्र वाट. वर दंडाची मर्यादा २०२४ च्या कायद्यानं एका उल्लंघनामागे ७५,००० डॉलरपर्यंत नेलेली आहे.

लहान वर्तुळं चालतच नाहीत असंही नाही. त्याच देशात ३०,००० किंवा त्याहून जास्त आसनांच्या स्टेडियममध्ये मोठा सामना असला की ३ नॉटिकल मैल आणि ३,००० फूट एवढाच निर्बंध असतो, तोही सामन्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत तर तात्पुरता रेड झोन (ड्रोनबंदीचा भाग) एका वेळी ९६ तासांपेक्षा जास्त नसावा आणि त्याचा आकार वाजवी ठेवावा, असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात कुठे काय होतं ते तूर्त बाजूला ठेवू. निदान कागदावर तरी कुणाला तो प्रश्न पडला. बाहेरच्या कड्यात ड्रोनसाठी वेगळी, लहान रेघ आखा, एवढंच मी मागत होतो. त्याला सुरक्षेची थट्टा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

काराकास विसरलेलो नाही. ऑगस्ट २०१८, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो यांच्या भाषणात स्फोटकं लावलेले ड्रोन. तुम्ही न आठवलेलं एक मीच देतो: सप्टेंबर २०१३, जर्मनीतलं ड्रेस्डेन, तेव्हाच्या चॅन्सलर अँगेला मर्केल यांच्या प्रचारसभेत अगदी मंचापुढे येऊन पडलेलं छोटं ड्रोन. ते जवळूनच उडवलेलं होतं. माझ्या कामाचं ड्रोन एका बॅटरीवर अर्धा तास टिकलं तरी मी खूश असतो. साडेपंचावन्न किलोमीटरवरून ते सभेपर्यंत कसं पोचवायचं हे तुम्हाला ठाऊक असेल तर कृपा करून इथे लिहू नका.

आकाश पूर्ण रिकामं केलं की जे उडताना दिसेल ते संशयित, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला निर्णय घेणं सोपं जातं, असंही तुम्ही ओझरतं म्हटलंय. त्यात काही नाही असं मी म्हणत नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि इथे त्यात शिरलो तर मूळ मुद्दा राहून जाईल.

‘ड्रोन स्वतःच अशा ठिकाणी उडायला नकार देतं, मग तक्रार कसली’ हे तुमचं म्हणणं जुनं झालं. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीनं अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्येच ते कुलूप काढलं. आता पडद्यावर इशारा येतो, पुढची जबाबदारी चालवणाऱ्याची. टीका करण्यापूर्वी एवढं तपासता आलं असतं.

लेख काढून टाका असं तुम्ही सुचवलंय. काढणार नाही. किलोमीटरचे आकडे त्यात आज घातले आहेत. तुमची प्रतिक्रियाही तशीच ठेवली आहे, फक्त माझ्या क्लायंटविषयीची ओळ झाकली, कारण त्या माणसाचा या वादाशी काडीचा संबंध नाही.

आणि पक्षाचं विचारलंत म्हणून: ज्यांच्या दौऱ्यांपायी माझं काम खोळंबलं त्यात सगळ्या रंगांचे पाहुणे होते. त्यांच्यापैकी कुणाला मत दिलं होतं हे तुम्हाला सांगायला मी बांधील नाही.