‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता, नमस्कार.

कोरोना विषाणूंच्या कुळावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सगळ्यांनी वाचली नसेल, म्हणून आधी ती जशीच्या तशी देतो: “१८८९ची साथ कोरोनाचीच होती असं ठोकून दिलंय, ते सिद्ध झालेलं नाही. कोंबड्यांवर पानंच्या पानं आणि मर्सला दोन ओळी. लोकांच्या मनात चिकनची भीती पुन्हा कशाला घालता? जनावरांच्या डॉक्टरने आपल्या गोठ्यापुरतं लिहिलेलं बरं.”

मतभेदाला माझी ना नाही. पण शेवटचं वाक्य हा मतभेद नव्हे, तो टोमणा आहे, आणि तोही टोपणनावाच्या आडून. तुमचं शिक्षण काय, हे मी विचारत नाही. तुम्हीही ते सांगितलेलं नाही.

तर गोठ्याबद्दल. हे अख्खं कुळ माणसाच्या दवाखान्याआधी गोठ्यात आणि खुराड्यातच ओळखलं गेलं. १९३१ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटात शाल्क आणि हॉन या दोघांनी कोंबडीच्या पिल्लांच्या एका नव्या श्वसनरोगाचं वर्णन केलं. तोच इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस, आपल्या पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडचा ‘आयबी’. १९४६मध्ये डुकरांच्या पिल्लांना जुलाब लावून मारणाऱ्या रोगाची नोंद झाली, तोही याच भावकीतला. माणसाच्या सर्दीतला कोरोना सापडायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. आणि विषाणूतज्ज्ञ जून आल्मेडाबाईंना तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आला तो कशामुळे? कोंबडीच्या ब्रॉन्कायटिसचे आणि उंदराच्या यकृतदाहाचे तसलेच कण त्यांनी आधी पाहिलेले होते म्हणून! तेव्हा त्यांचा निबंध ‘ही फ्लूच्या विषाणूचीच वाईट छायाचित्रं आहेत’ असं म्हणून परत आला होता. म्हणजे स्पष्टवक्ते त्या काळीही होते. १९६८मध्ये कुळाचं बारसं झालं तेव्हा कोंबडीचा, उंदराचा आणि माणसाचा विषाणू एकाच पंगतीत बसले. पुढे सार्स हा माणसांतला कोरोनाचा आजार आला, तेव्हा डुकरावासरांच्या कोरोनावर हयात घालवलेल्या ओहायोच्या लिंडा सैफ यांच्यासारख्या पशुवैद्यकातल्या माणसांची मदत घ्यावी लागली. त्यांनाही गोठ्यात जाऊन बसायला सांगणार का?

राहिला मी. माझी सगळी नोकरी सांगली-साताऱ्याच्या बाजूला जनावरांत गेली. आयबी आलेल्या शेडमध्ये रात्री दिवे मालवून गप्प उभं राहायचं, म्हणजे पक्ष्यांची घरघर ऐकू येते. दिवसाच्या कलकलाटात ती कळत नाही. लेअरमध्ये, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांत, तर पक्षी बरा झाल्यावरही अंडं वेडंवाकडं, कवच पातळ, आतला पांढरा पाण्यासारखा. मालक म्हणतो, डॉक्टर, लस तर दिली होती. दिलेली असतेच. पण लस विषाणूच्या मॅसॅच्युसेट्स वाणाची आणि शेडमध्ये शिरलेला वाण दुसराच, असं आयबीत नेहमीचं आहे. ‘लस घेऊनही कोरोना कसा झाला’ म्हणून २०२१मध्ये शिकलीसवरली माणसं डोकं धरून बसली होती, तेव्हा माझ्या ओळखीच्या एकाही अंडीवाल्याला त्याचं नवल वाटलं नाही. हे ज्ञान कुठल्या दवाखान्यातून आलं होतं, सांगा.

चिकनच्या भीतीचा आरोप तर मला विशेष लागला. फेब्रुवारी-मार्च २०२०मध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी व्हॉट्सअॅपवर हूल उठली आणि ब्रॉयलरचा, म्हणजे मांसाच्या कोंबडीचा, भाव मातीत गेला. तेव्हा गावोगाव बैठकांत उभं राहून, समोर रस्सा ओरपून मी लोकांना समजावत होतो. तुम्ही कुठे होता? आणि लेखात मी स्पष्ट लिहिलंय की या कुळाच्या अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा अशा चार शाखा आहेत, कोंबडीचा आयबी गॅमातला आहे, आणि माणसात वावरणारे सातही अल्फा नाहीतर बीटातले आहेत. आयबी माणसाला होत नाही. हे वाचून ज्याला भीती वाटते त्याने वाचलंच नाही, असं मी धरून चालतो.

१८८९च्या साथीबद्दल, म्हणजे ‘रशियन फ्लू’बद्दल, थोडक्यात. माणसाच्या सर्दीचा ओसी-४३ हा कोरोना विषाणू गाईगुरांच्या कोरोनाचा जवळचा नातलग आहे, आणि दोघांचा समान पूर्वज १८९०च्या सुमाराचा असावा असा हिशोब बेल्जियमच्या संशोधकांनी २००५मध्ये मांडला. त्यावरून त्या साथीकडे बोट दाखवलं जातं. मी काय शब्द वापरलेत ते पुन्हा जाऊन पाहा. प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’ लावत बसलो तर लेख नव्हे, प्रतिज्ञापत्र होईल. असो.

मर्स या कोरोनाच्याच आजाराला दोनच ओळी दिल्या, हे मात्र खरं. एवढं तुमचं मान्य. २०१२मध्ये सौदीत सापडलेल्या आणि २०१५मध्ये दक्षिण कोरियात १८६ जणांना गाठून त्यातल्या ३८ जणांचा जीव घेणाऱ्या विषाणूला जास्त जागा हवी होती. त्यावर वेगळा लेख लिहायला घेतलाय. फक्त आधीच सांगून ठेवतो, त्यात उंट येणार. अरबस्तानातल्या उंटांशिवाय मर्सची गोष्ट सांगताच येत नाही, त्याला माझा इलाज नाही.