"समजलं का?" "होऽऽऽ सर!"

सहावीला दशांश अपूर्णांक शिकवून झाले. सवयीने विचारलं, "समजलं का?" चौतीस गळे एकदम, "होऽऽऽ सर!" या होकारावर मी पंधरा वर्षं नोकरी केली.

मग फळ्यावर लिहिलं: 0.5, 0.35, 0.125, 0.08. सगळ्यांत मोठी संख्या कोणती?

मुलांच्या हातात प्लिकर्स नावाच्या मोबाइल ॲपची कार्डं होती. कागदावर काळ्या चौकोनी ठशासारखी नक्षी, प्रत्येकाची वेगळी, चार कडांना बारीक ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी मोबाइल वर्गावरून फिरवला की कुणी काय धरलंय ते स्क्रीनवर येतं. मुलांना मोबाइल लागत नाही आणि शेजाऱ्याचं कार्ड बघून काही कळतही नाही. (हौसेने चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड परावर्तित होतो आणि निम्मी कार्डं वाचलीच जात नाहीत. माझे पैसे गेले.)

बरोबर किती? नऊ. एकोणीस जणांनी 0.125 धरलेलं. "एकशे पंचवीस मोठे ना सर!"

उत्तर सांगितलं नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1990च्या दशकापासून हेच करत आलेत: आधी एकट्याने उत्तर द्या, मग शेजाऱ्याला पटवा, मग पुन्हा द्या. आमच्याकडे एकीने पटवलं ते डेअरीच्या पावतीवरून. "0.5 म्हणजे अर्धा लिटर. 0.125 म्हणजे अर्धा पावशेर, येडे!" दुसऱ्या फेरीत सव्वीस बरोबर.

मी खूश. दुसऱ्या दिवशी 0.3, 0.25, 0.375, 0.09 दिले, तर आदल्या दिवशी पहिल्याच फेरीत बरोबर आलेल्या नऊपैकी चौघांनी 0.3 धरलं. त्यांचा नियम असा, की जितके आकडे कमी तितकी संख्या मोठी! काल चुकीच्या कारणाने बरोबर आले होते. पेपरात त्यांना पूर्ण गुण पडले असते.

शाळेला भेट द्यायला आलेल्या एका साहेबांनी कार्डं धरलेल्या मुलांचा फोटो काढला आणि विचारलं, "वर्गाची सरासरी किती टक्के?" आता या चौघांना मी टक्केवारीत कुठे बसवू? मी या उत्तरांना गुण देत नाही, पहिला-दुसरा नंबरही लावत नाही. वेगावर गुण देणारे ते कहूटसारखे ऑनलाइन प्रश्नमंजुषेचे खेळही बंद केले. सावकाश विचार करणारं पोर त्यात दोन प्रश्नांतच हात टेकतं.

आता चुकून माझ्या तोंडून "समजलं का?" निघालं, की मागून कुणीतरी म्हणतं, "सर, कार्डं वाटू?"